टाकीवर नाव कुणाचं? कस्टम मोटारसायकल, बॅज आणि ट्रेडमार्क

प्रश्न असा आहे: बेळगावच्या उद्यमबागेत कस्टम गाड्यांचं गॅरेज आहे. जुन्या बुलेट, येझदी, यामाहा आरएक्स येतात आणि बॉबर किंवा कॅफे रेसर अशा कापून-सजवून केलेल्या नव्या रूपात बाहेर पडतात. एक गिऱ्हाईक म्हणतं, "टाकीवर हार्ले लिहून द्या." दुसरं म्हणतं, "मूळ बॅजच परत बसवा." शेजारचा फौंड्रीवाला पितळी बॅज ओतून द्यायला तयार बसलाय. यातलं काय चालतं, काय अंगाशी येतं, आणि गॅरेजचं स्वतःचं नाव टाकायचं तर कसं?

सुरुवात गिऱ्हाइकापासून नको, तुमच्यापासून करू. कारण यात अडकतं ते गिऱ्हाईक नव्हे, गॅरेज. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ चं कलम २९ व्यापाराच्या ओघात केलेल्या वापराला लागू होतं. एखाद्या पोरानं खडेबाजारातून स्टिकर आणून स्वतःच्या गाडीवर चिकटवला, तर तो व्यापार नव्हे. तोच लोगो तुम्ही मजुरी घेऊन टाकीवर रंगवलात की व्यापार झाला. ट्रेडमार्कच्या मालकाच्या संमतीशिवाय त्याची खूण (म्हणजे ट्रेडमार्क) मालावर लावणं हे कलम १०२ मध्ये खोटी खूण लावणं ठरतं. कलम १०३ ची शिक्षा साधारणपणे किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे. फसवण्याचा हेतू नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. "गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून केलं" ही ढाल फार तोकडी आहे.

आता बॅज. कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर टाकीवरचं नाव एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: ही गाडी कुणी केली? ते उत्तर खरं असेल तर सहसा अडचण येत नाही.

गिऱ्हाइकाची बुलेट आहे, आरसीवर रॉयल एनफिल्ड आहे, तुम्ही हँडल, सीट, मडगार्ड आणि रंग बदलला आणि त्याच टाकीचा मूळ बॅज पुसून परत बसवला, तर ते चालतं. गाडी त्याची, बॅज कंपनीचाच, आणि तुम्ही विकत काहीच नाही. बॅज मोडला असेल तर अधिकृत डीलरकडून पार्ट नंबरनं नवा मागवा आणि बिल जॉब कार्डाला टाचून ठेवा. रस्त्यावर मिळणारा शंभर रुपयांचा बॅज घेतलात, तर काम तेच पण माल बनावट, आणि तो बसवणारे तुम्ही.

तुम्ही स्वतः जुनी गाडी विकत घेऊन, कापून, नवी करून विकता तेव्हा गणित बदलतं. कंपनीनं एकदा विकलेला माल पुढे विकायला कलम ३० मोकळीक देतं. पण त्याच कलमाचं चौथं पोटकलम म्हणतं की बाजारात आल्यावर मालाची अवस्था बदलली असेल, तर खुणेचा मालक पुढच्या विक्रीला हरकत घेऊ शकतो. मागची चौकट कापली, सस्पेन्शन बदललं, टाकी दुसरी बसवली आणि तरी टाकीवर कंपनीचंच नाव ठेवून विकलं, तर हरकतीला आयतं कारण मिळतं. विकायच्या गाडीवरून कंपनीचा टाकीबॅज काढा आणि आपला लावा. इंजिनच्या कव्हरवर ओतीव नाव आहे ते तसंच राहू द्या. इंजिन खरोखर त्यांचंच आहे, ते नाव घासून काढायची गरज नाही आणि घासू नयेच. त्या कव्हरच्या आसपास कुठेतरी इंजिन नंबर असतो, आणि तिथं ग्राइंडरची खूण दिसली की ट्रेडमार्क राहतो बाजूला आणि चोरीच्या गाडीची चौकशी सुरू होते.

चौकट तुम्ही स्वतः पाइप वाकवून केली असेल, तर टाकीवर दुसऱ्या कुणाचंच नाव नको. इथं तडजोड नाही.

हार्लेची ढाल-पट्टी असो, ट्रायम्फ असो किंवा डुकाटी, बुलेटच्या टाकीवर तो लोगो रंगवायला सरळ नाही म्हणा. "मग दोन अक्षरं बदला की" असं गिऱ्हाईक म्हणतंच. पंचवीस टक्के बदल केला की लोगो आपला होतो, असा एक समज पेंटरांत पक्का बसलाय. असा कुठलाही नियम नाही. कोर्ट दोन लोगो शेजारी ठेवून फरक मोजत नाही. साधारण माणसाच्या अर्धवट आठवणीत ते एकसारखे वाटतील का, एवढंच बघतं. लिपी बदलूनही सुटका नाही. कलम २९ बोलण्यातला वापरही धरतं, तेव्हा तेच नाव कन्नडमध्ये किंवा मराठीत लिहिलं तरी कानाला तेच ऐकू येतं.

बंद पडलेल्या कंपन्यांबद्दलही एक गैरसमज आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, म्हणून येझदीचं नाव बेवारस झालं असं कित्येकांनी धरून ठेवलं होतं. ते नाव कुणाचं यावरचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला. मधल्या काळात जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये पुन्हा शोरूममध्ये आली. कारखान्याला टाळं लागलं तरी नावाला मालक असू शकतो.

फौंड्रीवाल्या मित्राला हे वाचायला द्या. कलम १०३ मध्ये फक्त बॅज येत नाही. खोटी खूण करण्यासाठी डाय, ब्लॉक, प्लेट बनवणं किंवा जवळ ठेवणं हेही येतं. म्हणजे शेल्फवर पडलेला लोगोचा पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना) सापडला तरी पुरे, एकही बॅज ओतलेला नसला तरी. बेळगावात ओतकाम आणि मशिनिंग गल्लोगल्ली होतं, त्यामुळे पॅटर्न करून घेणं सोपं, आणि म्हणूनच मोह जास्त. जॉबवर्क करणाऱ्याला कलम ११२ मध्ये एक पळवाट आहे: दुसऱ्यासाठी खूण लावणं किंवा डाय करणं हाच त्याचा नेहमीचा धंदा हवा, विक्रीच्या नफ्यात त्याचा वाटा नको, योग्य ती खबरदारी घेतलेली हवी, खुणेबद्दल शंका यायला कारण नको, आणि विचारल्यावर काम कुणी दिलं हे त्यानं सांगायला हवं. स्टिकर कापणाऱ्यालाही हेच लागू. पण हार्लेचा लोगो कापून देणारा "मला शंका आली नाही" असं कोणत्या तोंडानं सांगणार? काम अनोळखी लोगोचं असेल तर जॉब कार्डावर देणाऱ्याचं नाव, फोन आणि "ही खूण माझी आहे, वापराचा अधिकार मला आहे" असं सहीनिशी घ्या.

पोलीस कसे येतात हेही समजून घ्या, कारण तिथं बरेच जण चुकीच्या भरवशावर बसतात. ट्रेड मार्क कायद्याखाली वॉरंटशिवाय झडती घ्यायला डीवायएसपी किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेड मार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. एवढं सव्यापसव्य असल्यानं कुणी येणार नाही असं वाटतं. पण लोगो ही चित्रकृतीही असते, आणि कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६४ खाली पीएसआय दर्जाचा अधिकारीसुद्धा नकली प्रती जप्त करू शकतो. त्याच कायद्याचं कलम ६३ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे तक्रार कॉपीराइटची झाली तर डीवायएसपीची वाट बघावी लागत नाही.

कंपनीचं नाव अजिबात घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण वर्णन म्हणून. सुटा भाग कोणत्या गाडीला बसतो हे सांगायला नाव वापरणं ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम ३० मध्ये चालतं, मात्र ते सांगण्यासाठी खरोखर लागेल तेवढंच. प्रेशर कुकरच्या गास्केटवरून दिल्ली उच्च न्यायालयात २०१२ मध्ये निकाल झाला. पाकिटावर "हॉकिन्स कुकरसाठी योग्य" असं छापलं होतं, पण हॉकिन्स हा शब्द तेवढा लाल आणि उठून दिसणारा. निकाल पाकिटवाल्याच्या विरोधात गेला. तुम्ही सायलेन्सर किंवा सीट करून विकत असाल तर पाकिटावर आपलं नाव सगळ्यांत मोठं घ्या. खाली साध्या अक्षरात, एका रंगात, लोगो न घेता "रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला बसते" एवढं पुरे. बोर्डावरही तेच. "बुलेटची कामं केली जातात" हे वाक्य झालं. कंपनीच्या वळणाची अक्षरं, कंपनीचा रंग आणि वर "स्पेशालिस्ट" असं घेतलंत तर बघणाऱ्याला ते अधिकृत सर्व्हिस सेंटर वाटतं. टी-शर्ट, मग, कीचेन यांवर दुसऱ्याचा लोगो कधीच नको, तिथं वर्णनाची सबबही चालत नाही.

आरटीओचा विषय वेगळा, पण टाकीवरच्या नावाशी त्याची गाठ पडते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील मूळ उत्पादकानं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं: मालकाला एका बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रंग बदललात तर आरसीवर नोंदवून घ्या. आपल्याकडे त्यात सीमेची भर पडते. गाडी एमएच-०९ ची, मालक निपाणीचा, काम बेळगावात. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत आणि इथं फॉर्म २७ वर नवा नंबर. त्या तपासणीत आरसीवर मेकर एक आणि टाकीवर भलताच लोगो दिसला की फुकटचे प्रश्न सुरू होतात. कंपनीचा बॅज काढून आपलं छोटं नाव लावलेली गाडी मात्र समजावून सांगता येते. नंबरप्लेटवर कुणाचाच लोगो नको, तुमचाही.

आता आपलं नाव टाकीवर घ्यायची रीत. यात गॅरेजवाले वेळ वाचवायला जातात आणि काम दोनदा करतात.

जुन्या टाकीवर बॅजच्या स्क्रूसाठी आटे असतात. बॅज काढला की ते बुजवायला पुट्टी थापतात. ३ मिमीहून जाड थर झाला की टाकीच्या थरथरीनं आणि उन्हानं तो वर्षभरात तडकतो आणि कडेनं रंग सुटतो. वेल्डिंग करायला जावं तर टाकीत पेट्रोलची वाफ. रिकामी दिसणारी टाकीच जास्त घातक. त्यापेक्षा आटे तसेच ठेवा आणि आपला बॅज त्याच मापात करा. दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर व्हर्नियरनं दोन्ही बाजूंना मोजा, जुन्या टाक्यांत डावं-उजवं एकसारखं असेलच असं नाही. एक भोक गोल आणि दुसरं दोनेक मिमी लांबट ठेवलं की थोडाफार फरक पचतो.

बॅज पत्र्याचा करायचा तर ०.८ ते १ मिमी पितळ पुरतं, अक्षरं एचिंगनं (रसायनानं कोरून) घ्या. ३ मिमीचा पत्रा लेझरवर कापून सपाटच लावला तर टाकीच्या गोलाईवर कडा उचललेल्या राहतात, तिथं पेट्रोल मुरतं आणि खालचा रंग फुगतो. टाकीवर पातळ प्लास्टिक अंथरून प्लास्टरचा ठसा घ्या आणि पत्रा त्यावर रबरी हातोडीनं बसवा. ओतीव बॅज हवा असेल तर पॅटर्नला आकुंचन द्यायला विसरू नका. पितळ साधारण दीड टक्का आकसतं, १०० मिमीचा बॅज हवा तर पॅटर्न १०१.५ मिमीचा. अक्षरांच्या कडांना दोन-तीन अंश ड्राफ्ट (साच्यातून सुटावं म्हणून दिलेला उतार), आणि उंची निदान १ मिमी, नाहीतर बफिंगमध्ये अक्षरं गुळगुळीत होतात. बॅजखाली पातळ रबर घाला. धातू थेट रंगावर बसला की महिनाभरात त्याच्या आकाराची रेघ कोरली जाते.

धातू नको आणि नाव लॅकरखाली हवं असेल, तर कट व्हिनाइल चालतं, पण पातळ घ्या. पहिला टूके क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचं पारदर्शक लॅकर) ओला मारला तर थिनर व्हिनाइलला सुरकुत्या पाडतो. पहिला हात नुसता धुक्यासारखा, मग १०–१५ मिनिटं थांबायचं, मग दोन भरीव हात. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजानं नको. पूर्ण वाळल्यावर १००० नंबरच्या कागदानं पाण्यात घासून स्टिकरची पायरी मोडा, पुन्हा एक-दोन हात, मग २००० आणि पॉलिश. पायरी एकाच फेरीत मोडायला गेलात की कडेवर कागद व्हिनाइलपर्यंत पोचतो आणि सगळं मुळापासून करावं लागतं.

नाव निवडताना मात्र हात जरा आवरा. "बेळगाव कस्टम्स" हे ऐकायला ठसकेबाज, पण गावाचं नाव आणि कामाचं वर्णन, ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप ठरलेलाच. अर्थाशी संबंध नसलेला एखादा शब्द टिकतो. आणि सीमाभागात पहिल्यांदा सुचतं ते महाराजांचं नाव. इथं अडचण श्रद्धेची नाही, कायद्याची आहे. चिन्हे व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) कायदा १९५० च्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे, 'शिवाजी' हा शब्दसुद्धा. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही, आणि असा ट्रेडमार्कचा अर्ज त्याच कलम ९ खाली फेटाळला जातो. राजमुद्रेत तर "शिवस्यैषा मुद्रा" असं नावच कोरलंय, तेव्हा तीही लोगोत घेऊ नका. गिऱ्हाइकाला स्वतःच्या टाकीवर महाराजांचं चित्र हवं असेल तर तो त्याच्या भक्तीचा विषय. तुमच्या बोर्डावर, बिलावर आणि बॅजवर ते नको.

नाव ठरलं की आधी ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात बघा, आणि उच्चार-साधर्म्यानंही शोधा. गाड्या आणि भागांसाठी वर्ग १२, दुरुस्ती आणि कस्टम कामासाठी वर्ग ३७, टी-शर्ट विकणार असाल तर २५. अर्ज फॉर्म टीएम-ए. ऑनलाइन फी एका वर्गाला एका व्यक्तीसाठी ४,५०० रुपये. भागीदारी किंवा कंपनी असेल तर ९,०००, पण उद्यम नोंदणी दाखवली की पुन्हा ४,५००. आधी ३७ आणि १२ करा, २५ नंतर बघू. लोगो काळा-पांढरा द्या, म्हणजे कोणत्याही रंगात वापरता येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीचं गॅरेज चेन्नई कार्यालयाखाली येतं, चंदगड किंवा गडहिंग्लजचं मुंबईखाली. व्यवसायाचा मुख्य पत्ता जिथला, तिथलं कार्यालय, तेव्हा दोन्हीकडे शेड असेल तर पत्ता विचार करून द्या.

लिपीचा गुंता आपल्याकडेच जास्त. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर बोर्डावर ६० टक्के कन्नड हवं, गिऱ्हाईक मराठी, आणि टाकीवर इंग्रजी अक्षरं. एकच लेबल तीन लिप्यांत नोंदवलं तर उद्या एकच लिपी वापरताना आपण नोंदवलेली खूण वापरतोय का, असा प्रश्न निघतो. नुसता शब्द इंग्रजी अक्षरांत नोंदवा आणि लोगो वेगळा. कन्नड लिपी घेतलीत तर अर्जात लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो.

रजिस्ट्रीचा तपासणी अहवाल आला की एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं, आणि कित्येकांचे अर्ज तिथेच पडतात कारण ईमेल गॅरेजच्या कुठल्या तरी जुन्या पत्त्यावर येते. ट्रेड मार्क जर्नलमध्ये छापल्यावर ४ महिने हरकतीची मुदत. नोंद झाली की ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं. तोवर नावापुढे टीएम लावा. गोलातला आर नोंदणी झाल्यावरच, आधी लावलात तर कलम १०७ (नोंदणी नसताना ती आहे असं दाखवणं) लागतं.

आणि हे सगळं वाचायच्या आधीच एखादी नोटीस येऊन पडली असेल, तर ती फाडू नका आणि फोनवर वादही घालू नका. त्याच दिवशी तो लोगो वापरणं थांबवा, सोशल मीडियावरचे त्या लोगोचे फोटो खाली घ्या, पण आधी त्यांची प्रत काढून ठेवा. शिल्लक स्टिकर, बॅज, पॅटर्न मोजून लिहून काढा. गुपचूप भट्टीत टाकलेत तर पुरावा नष्ट केला असं म्हणतील. मग वकिलाकडून मुदतीत लेखी उत्तर: वापर थांबवला, माल इतका होता, पुढे करणार नाही. कंपनी बरोबर हमीपत्राचा मसुदा पाठवते. त्यात "आजवरच्या सर्व विक्रीची नुकसानभरपाई मान्य" अशी ओळ कुठेतरी मधेच असते, बहुधा पाचव्या-सहाव्या कलमात. ती खोडून घेतल्याशिवाय सही करू नका.